पहिल्यासारखी राहिली नाही

पुण्यात क्राफ्ट बिअर पिणारे चार जण एका टेबलाशी बसले, की त्यांतला एक तरी पहिला घोट घेऊन मान हलवतो आणि म्हणतो, "पहिल्यासारखी राहिली नाही राव." दुसऱ्याला ती अगदी तशीच वाटते. तिसऱ्याच्या मते मागच्या महिन्यात वाईट होती, आता सुधारलीय. चौथा चखण्यात गुंतलेला असतो. टाकी एक, बिअर एक आणि मतं तीन. मग खरं कोणाचं? चव खरोखर बदलते का? आणि वर्षानुवर्षं चालत आलेल्या ब्रुअरीकडून दर खेपेला तीच चव मागणं रास्त आहे का?

हा प्रश्न पुण्याला शोभतो. 2009 साली इथल्या कोरिंथियन्स क्लबमध्ये डूलाली सुरू झाली. महाराष्ट्रातली ही पहिली मायक्रोब्रुअरी आणि देशातल्याही अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ती काढली, बिअर बनवायला सोबत ऑलिव्हर शाऊफ हा जर्मन ब्रूमास्टर होता. तोवर आपल्याकडे बिअर म्हणजे कारखान्यातून बाटलीत भरून आलेली, पिवळी, थंडगार आणि शक्यतो 'स्ट्राँग'. इथे ग्लासात गव्हाची गढूळ बिअर आली आणि लोक आधी बिचकले, मग रमले. 2014 मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स आणि कोरेगाव पार्कात एफिनगट आलं. त्या पहिल्या फळीतल्या ग्राहकांकडे आता दहा-पंधरा वर्षांची आठवण साठलेली आहे. 'पहिल्यासारखी नाही' म्हणायला आधी 'पहिली' प्यालेली असावी लागते.

कोणाची बिअर टिकली आणि कोणाची घसरली, याचा निवाडा या प्रकरणात नाही. अशी तक्रार तपासायची कशी, ते बघू.

1. आधी गूळ

हडपसर सोडून सोलापूर रस्त्याला लागलं, की लोणी काळभोर आणि उरुळी कांचन ओलांडून कासुर्डी येतं, पुढे यवत. खडकवासल्याच्या कालव्यावर पोसलेला हा उसाचा पट्टा, आणि म्हणून गुऱ्हाळांचाही. बिअर समजून घ्यायला इथल्या एखाद्या गुऱ्हाळावर तासभर थांबणं फार उपयोगाचं.

गुळव्या तोच, काहील तीच, ऊसही एकाच शिवारातला. तरी सकाळची ढेप आणि संध्याकाळची ढेप शेजारी ठेवली, तर रंगात थोडा फरक दिसतो, चाखली तर चवीतही. ऊस लागणीचा होता की खोडव्याचा, तोडून किती वेळ पडला होता, जमीन क्षारपड तर नव्हती, काहिलीखालचा जाळ कसा लागला, पाक थंड पाण्यात टाकल्यावर गोळी धरायच्या आधी उतरवला की नंतर, या सगळ्याची खूण ढेपेत उतरते. नेहमीचं गिऱ्हाईक त्याबद्दल कुरकुर करत नाही, तुकडा मोडून चाखतं आणि ढेप घेतं. पण गूळ करपलेला निघाला, खारट लागला किंवा घरी नेल्यावर पाझरू लागला, तर तेच गिऱ्हाईक ढेप परत आणून आपटतं.

पहिल्या गोष्टीला फरक म्हणू, दुसरीला बिघाड. बिअरबद्दलच्या बहुतेक वादांत या दोहोंची गल्लत झालेली असते.

2. चव येते कुठून

बिअरमध्ये मुख्य वस्तू चार. माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं धान्य, बहुधा सातू, गव्हाच्या बिअरमध्ये गहूही. हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं, त्यांच्यातून कडूपणा आणि वास येतो. यीस्ट आणि पाणी. माल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवायची, तो रस हॉप्ससह उकळायचा, थंड करून त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं. काही दिवसांत, प्रकारानुसार काही आठवड्यांत, बिअर तयार.

आता यातली प्रत्येक वस्तू चळते कशी ते पाहू. माल्टचं काम सगळ्यात सरळ. तो भिजवताना पाणी साधारण 65 अंशांच्या आसपास ठेवतात. तीन-चार अंश वर गेलं, तर यीस्टला खाता न येणारी साखर जास्त उरते आणि बिअर जिभेवर जड, भरीव लागते. खाली गेलं, तर हलकी आणि कोरडी. "यंदा पाणचट झालीय" या तक्रारीमागे कधी कधी एवढीच गोष्ट असते.

हॉप्सची गोष्ट जरा गुंतागुंतीची. आपल्याकडे हिमाचलात लाहौलच्या बाजूला थोडे हॉप्स पिकतात, पण क्राफ्ट ब्रुअरी बहुतेक माल जर्मनी, अमेरिका वगैरे देशांतून आणतात. हॉप्समधला कडूपणा आल्फा आम्लांमुळे येतो आणि त्यांचं प्रमाण दर हंगामात वेगळं. 2022 च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या हालरटाऊ भागात ऊन तापलं, पाऊस कमी झाला आणि पीक घसरलं. आता हिशेब करू. समजा, एका बॅचला 100 ग्रॅम आल्फा आम्ल लागतं. पाकिटावर 10 टक्के लिहिलं असेल, तर 1 किलो हॉप्स पुरे. पुढच्या पाकिटावर 8 टक्के आहेत, म्हणजे सव्वा किलो घालायला हवेत. घातले, कडूपणा जुळला. पण त्या जादा पाव किलोसोबत हॉप्सचा वास आणि थोडा पालेदार तुरटपणाही आला, त्याचं काय? कडूपणा जुळवावा तर वास हलतो, वास जुळवावा तर कडूपणा. अनुभवी ब्रूअर दोन-तीन जातींचे हॉप्स मिसळून मध्य गाठतो. त्यालाही तो दर वेळी तंतोतंत सापडत नाही.

पाण्याचा बाऊ लोक जास्त करतात. एके काळी तो खरा होता. झेक प्रदेशातल्या पिल्सेनचं पाणी मऊ, म्हणून 1842 मध्ये तिथे जन्मलेली फिकट सोनेरी बिअर नाजूक निघाली. इंग्लंडच्या बर्टनचं पाणी जिप्समयुक्त, म्हणून तिथली पेल एल कडक आणि कोरडी. आज ब्रुअरी पाणी आरओतून काढून हवे ते क्षार मोजून घालू शकते. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळलं काय किंवा उन्हाळ्यात बोअरचं जड झालं काय, नीट चालणाऱ्या ठिकाणी त्याची झळ ग्लासापर्यंत यायला नको.

3. यीस्ट नावाचा गडी

खरी मेख इथे आहे, म्हणून थोडं थांबू. रस बनवतो ब्रूअर, बिअर बनवतं यीस्ट. ते जिवंत असतं आणि जिवंत गोष्टीला हवामान, भूक आणि थकवा कळतो.

पुणेकरांच्या लाडक्या जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचंच घ्या. तिच्यात केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं घातलेलं नसतं, लवंगही नाही. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. केळ्याच्या वासाचं रसायन तर बाजारातल्या केळ्याच्या इसेन्समध्ये असतं तेच. आंबवताना टाकी दोन-तीन अंश गरम राहिली, की साधारणपणे केळं वर येतं. थंड राहिली, की लवंग पुढे सरकते. टाकीत सुरुवातीला यीस्ट किती सोडलं, त्यानेही तोल बदलतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, डिसेंबरात पहाटे दहाच्या खाली उतरतो, अशा गावात टाक्यांभोवतीची शीतयंत्रणा जरा ढिली पडली तरी नाकाला कळतं. "या वेळी केळं कमी आहे" असं म्हणणारा माणूस बहुधा बरोबर असतो. पण तो फरक झाला, बिघाड नव्हे.

दुसरी गोष्ट पिढ्यांची. एका टाकीतली बिअर झाली, की तळाशी बसलेलं यीस्ट काढून पुढच्या टाकीला वापरतात, त्यानंतर त्याच्या पुढच्या. असं किती वेळा करायचं, याला मर्यादा असते. पुढे पुढे यीस्ट सुस्तावतं किंवा त्यात रानटी जंतू शिरतात. म्हणून ठरावीक पिढ्यांनंतर ते टाकून नवं, शुद्ध वाण आणावं लागतं. ही शहाणीव फार जुनी नाही. लुई पाश्चरने 1876 मध्ये बिअरच्या 'आजारां'वर ग्रंथ लिहून दोष जंतूंचा असल्याचं दाखवलं. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हॅन्सन याने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. त्याआधी बिअरची अख्खी टाकी आंबट निघणं म्हणजे नशीब. आपल्या पुण्यातच पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. यीस्टची वाणं तिथे बियाण्यासारखी जपून ठेवलेली असतात. बिअर पिणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना हे ठाऊक नसावं.

4. मग बाटलीतली बिअर कशी बदलत नाही?

ग्राहक हटकून हा मुद्दा काढतो. किंगफिशर गोव्यात प्या नाहीतर नांदेडला, चव तीच. मग ही चारपट महाग बिअर का डगमगते?

उत्तराचा मोठा भाग मिसळण्यात आहे. समजा, मोठ्या कारखान्यातल्या चार टाक्यांचा कडूपणा 16, 20, 22 आणि 18 निघाला. चारही एकत्र केल्या, की 19. पुढच्या चार टाक्या 21, 17, 19 आणि 19 निघाल्या, तर त्यांची सरासरीही 19. पिणाऱ्यापर्यंत दोन्ही खेपेला 19 च पोचतो, 16 आणि 22 कधी होते याचा त्याला पत्ताच नसतो. मायक्रोब्रुअरीत मिसळायला दुसरी टाकी नसते. हजार लिटरची एक टाकी लागते, संपते, मग पुढची. आज 16, पुढच्या आठवड्यात 22. कारखान्याइतकेच चढउतार, फक्त इथे ते झाकायची सोय नाही. त्यात बाटलीतली बिअर पाश्चरीकरणातून जाते, गाळलेली असते आणि मुळातच सौम्य चवीची आखलेली असते. चव जितकी कमी, तितका फरक कमी दिसतो.

मोजमापाचं श्रेयही कारखान्यांना द्यायला हवं. डब्लिनच्या गिनेसने 1899 मध्ये विल्यम गॉसेट नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाला नोकरीवर घेतलं. त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता: सातूचे, हॉप्सचे थोडेच नमुने तपासून अख्ख्या मालाबद्दल कितपत खात्रीने बोलता येईल? त्यातून निघालेलं गणित त्याने 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं, कारण कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे. आज औषधांच्या चाचण्यांपासून शेतीच्या प्रयोगांपर्यंत सगळीकडे वापरली जाणारी 'टी-चाचणी' ती हीच. कॉलेजात संख्याशास्त्राच्या पेपरला घाम गाळलेल्यांनी बिअरला दोष द्यायला हरकत नाही.

5. टाकीतून ग्लासात

टाकीत उत्तम असलेली बिअर ग्लासात वाईट निघू शकते. किंबहुना, खऱ्या बिघाडांपैकी पुष्कळसे याच वाटेवर होतात.

टाकी आणि नळ यांच्यामध्ये नळ्या असतात. त्या वेळच्या वेळी धुतल्या नाहीत, तर आत जंतूंचा पातळ थर धरतो आणि बिअरला आंबूस किंवा लोण्यासारखा वास येतो. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात, असा अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनचा दंडक आहे. ग्लासाला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला, की फेस बसतो आणि फेसासोबत वासही. बिअर फार दिवस पडून राहिली किंवा भरताना तिला हवा लागली, तर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. हिरव्या सफरचंदाचा वास आला, तर बहुधा टाकी वेळेआधी उघडलीय, म्हणजे शनिवारच्या गर्दीसाठी घाई झाली. उकडलेल्या मक्याचा वास आला, तर रस नीट उकळला नव्हता किंवा थंड करायला उशीर झाला.

ही यादी पाठ करण्याजोगी आहे. 'बेचव', 'बकवास', 'मजा नाही' या शब्दांनी ब्रूअरला काहीच कळत नाही. 'लोणी' म्हटलं, की तो सरळ नळ्यांकडे आणि यीस्टकडे धावतो.

6. आणि आपली जीभ?

हा भाग कोणाला आवडत नाही. 1964 मध्ये अमेरिकेत ॲलिसन आणि ऊल या दोन संशोधकांनी नेहमी बिअर पिणाऱ्या तीनशेहून अधिक जणांना घरी बाटल्या दिल्या, आधी लेबलं काढून आणि नंतर लेबलांसह. बिनलेबलाच्या बाटल्यांत लोकांना आपला नेहमीचा ब्रँड ओळखता आला नाही. गुणही सगळ्यांना साधारण सारखेच पडले. लेबलं आल्याबरोबर आपापल्या ब्रँडचे गुण वर गेले. जिभेइतकंच डोळ्यांनीही चाखलं जातं.

त्यात आठवणीची भर. 2012 मध्ये पहिल्यांदा प्यालेली गव्हाची बिअर आयुष्यातली पहिली गढूळ बिअर होती. त्यानंतर जिभेवरून शेकडो ग्लास गेले, कडू आयपीए गेल्या, कॉफी घातलेल्या काळ्या स्टाउट गेल्या. त्या जिभेला जुनी गव्हाची बिअर आता फिकी लागते. बिअर जागेवर आहे, माणूस पुढे गेला. शिवाय मसाला शेंगदाणे आणि चिली चिकन यांच्यामध्ये घेतलेल्या घोटावर मत द्यायचं, म्हणजे हलगीच्या शेजारी बसून सतारीचा सूर तपासण्यासारखं.

मग खात्री करायची कशी? कार्ल्सबर्गच्याच लोकांनी 1940 च्या दशकात वापरात आणलेली एक युक्ती घरी करता येते. तीन ग्लास घ्या. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. पिणाऱ्याला एवढंच विचारा, वेगळा ग्लास कोणता? समजा, तुम्ही सहा जण आहात. कोणालाच काही कळत नसलं, तरी नुसत्या अंदाजाने तिनात एकाचं उत्तर बरोबर येतं, म्हणजे सहांत दोघांचं. चौघे किंवा त्याहून जास्त बरोबर आले, तरी हुरळून जाऊ नका, दहातून एकदा हे नशिबानेही घडतं. पाच किंवा सहाही बरोबर आले, तर मात्र दोन बिअरींत फरक आहे असं धरायला हरकत नाही. नशिबाने असं साधारण छपन्न वेळांतून एकदाच घडतं.

यात एक अडचण आहे. 2012 ची बिअर चाचणीला आणता येत नाही, जपून ठेवली असती तर ती पुठ्ठ्यासारखी झाली असती. म्हणून चाचणी आठवणीशी करू नका. एकाच ब्रुअरीच्या दोन शाखांतली तीच बिअर ग्रोलरमध्ये, म्हणजे बिअर घरी न्यायच्या बाटलीत, त्याच दिवशी भरून आणा आणि सारखी थंड करून तपासा. फरक सापडला, तर निदान तो आजचा असेल.

7. जुन्या ब्रुअरीकडून काय मागावं

सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी 1896 ची. 1965 मध्ये फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने ती बुडताना विकत घेतली, तेव्हा तिची बिअर कधी बरी, तर कधी आंबट निघायची. त्याने स्वच्छता आणली, सूक्ष्मदर्शक आणला, सगळं मोजायला लावलं, आणि काही वर्षांत तिथली स्टीम बिअर भरवशाची झाली. अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरची सुरुवात लोक तिथून मोजतात. 2017 मध्ये ती जपानच्या सप्पोरोकडे गेली आणि 2023 मध्ये बंद झाली. भरवसा कमावायला वर्षं लागतात. त्याने धंदा तगेलच असं मात्र नाही.

माझं मत असं. वयाने मोठ्या ब्रुअरीला बिघाड माफ नाही. लोण्याचा वास, आंबूसपणा, पुठ्ठा यांतलं काही आलं तर ग्लास परत करावा आणि तिने तो निमूट बदलून द्यावा. पहिल्या वर्षी शिकाऊपणाची सबब चालते, बाराव्या वर्षी नाही. फरक मात्र चालवून घ्यावा, ठरावीक पट्ट्यात असेल तोवर. गव्हाच्या बिअरमधलं केळं थोडं वर-खाली होणं हा तिचा स्वभाव आहे, ते नको असेल त्याने बाटली घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. मला खरा राग येतो तो तिसऱ्या प्रकाराचा. माल महागला म्हणून किंवा नवा ब्रूअर आला म्हणून कृती बदलायची आणि नाव, दर, फळ्यावरचं वर्णन सगळं तेच ठेवायचं. हा फरक नव्हे आणि बिघाडही नव्हे, ही लपवाछपवी आहे. पाच वर्षांचा ग्राहक ती जिभेने ओळखतो, जरी नेमकं काय बदललं ते त्याला सांगता आलं नाही तरी. अशा वेळी 'पहिल्यासारखी राहिली नाही' हे वाक्य शब्दशः खरं असतं.

आणि दर खेपेला "नवीन काय आलंय?" असं विचारून नवीनच मागवणाऱ्यांनी सातत्यावर बोलू नये. त्यांच्याकडे तुलना करायला काही नसतं.

ब्रुअरीवाल्यांना एक विनंती. फळ्यावर बिअरच्या नावापुढे ही टाकी कोणत्या तारखेला लावली, तेवढं खडूने लिहा. खर्च शून्य आणि निम्मे वाद तिथेच मिटतील. वाचकांना एवढंच सांगतो: पुढच्या वेळी शंका आली, तर चखणा यायच्या आधी चाखा, आधी सँपल मागा, वास कशासारखा येतो ते नेमकं सांगा. आणि परतीची वाट सोलापूर रस्त्याने कासुर्डीकडे जाणारी असेल, तर गाडी चालवायला न पिणारा माणूस सोबत न्या.